पार्सल सीमा ओलांडते, मग जबाबदारी का नाही?

परदेशातून येणाऱ्या स्वस्त पार्सलांवरून जगभर जो वाद चालला आहे, तो चुकीच्या मुद्द्यावर अडकून बसला आहे. २९ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयात शुल्काची सूट सगळ्याच देशांसाठी बंद केली. युरोपीय संघानेही १५० युरोंपर्यंतची सूट मोडीत काढून जुलै २०२६ पासून वस्तूमागे तीन युरो आकारायचे ठरवले. तेव्हापासून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, हा लोंढा देशातल्या दुकानदाराला बुडवतो आहे, दारे लावून घ्या. दुसरा म्हणतो, कुठून काय घ्यायचे हा ग्राहकाचा हक्क, सरकारने मध्ये पडू नये. ग्राहकाचे नाव दोघेही घेतात, पण बोलतात ते किमतीबद्दल आणि कराबद्दल. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याचे प्रश्न वेगळेच आहेत. वस्तू खराब निघाली तर मी कोणाचे दार ठोठावू? आणि जी वस्तू दुसऱ्याला मिळते ती माझा पत्ता पाहून मला का नाकारली जाते?

हे दोन प्रश्न एकाच मुळातून आले आहेत, असे माझे म्हणणे आहे. जो पैसे घेतो त्याने ग्राहकाच्या देशात, ग्राहकाच्या कायद्याप्रमाणे उत्तर दिले पाहिजे. एवढे पक्के झाले की माल परदेशातला आहे म्हणून तो अडवण्याचे कारण उरत नाही, आणि ग्राहक परदेशातला आहे म्हणून त्याला परत पाठवण्याचेही फारसे कारण उरत नाही. जबाबदारी न घेता खुला बाजार मागणारे आणि सुरक्षिततेच्या नावाने दार लावणारे, दोघेही ग्राहकाला एकटे पाडतात.

लोंढा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. २०२४ या एका वर्षात अशी सुमारे ४६० कोटी छोटी पार्सले युरोपीय संघात आली, म्हणजे दिवसाला १ कोटी २० लाखांच्या घरात, आणि त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक चीनमधून. एवढी खोकी उघडून पाहण्याइतकी माणसे कोणत्या सीमाशुल्क खात्याकडे आहेत? टपालाने आलेल्या पार्सलावर एक छोटा कागद चिकटवलेला असतो, टपाल खाते त्याला सीएन-२२ म्हणते. तो नीट वाचून पाहावा. ‘भेटवस्तू’, ‘नमुना’, ‘विक्रीचा माल’ असे चौकोन आणि त्यांतल्या एकावर फुली. खाली वस्तूचे वर्णन, बहुधा ‘ॲक्सेसरीज’ एवढेच. त्यापुढे वजन आणि पाठवणाऱ्यानेच लिहिलेली किंमत. आत चार्जर आहे की खेळणे, चार्जर असेल तर तो शॉक देणार नाही ना, खेळण्याच्या रंगात शिसे तर नाही ना, यातले काहीही त्या कागदावरून कळत नाही. ज्यांना या मालाची भीती वाटते त्यांची भीती रास्त आहे. पण तीन युरो भरले म्हणून तो चार्जर सुरक्षित होतो का? शुल्काने तिजोरी भरेल, दुकानदाराला थोडा दिलासाही मिळेल, आणि धोक्याची वस्तू थोडी महाग होऊन पूर्वीसारखीच घरात येईल. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातली ही गत आहे.

उलट, घाईने लावलेल्या दारात कोण चिरडले जाते हे अमेरिकेच्या निर्णयाने दाखवून दिले. शुल्क नेमके कोणी, कसे गोळा करायचे हे ठरायच्या आतच तारीख येऊन ठेपली. जागतिक टपाल संघाच्या माहितीनुसार ८८ टपाल यंत्रणांनी अमेरिकेकडे जाणारी सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवली आणि एका आठवड्याच्या अंतराने टपालाची आवक ८१ टक्क्यांनी घसरली. मोठ्या कंपन्यांकडे अमेरिकेत गोदामे होती, खासगी कुरिअर होते, वकील होते. घरून हाताने वस्तू करून टपालाने पाठवणाऱ्या बाईकडे यातले काहीच नव्हते. तिच्या मालाबद्दल कोणाची तक्रारही नव्हती.

देशातल्या दुकानदाराची बाजू मात्र मी हलकी धरत नाही. तो भाडे देतो, कर भरतो, वस्तू बिघडली तर समोर उभा असतो. परदेशी विक्रेत्याला करातून सूट आणि त्याला नाही, हा उघड अन्याय होता आणि तो दूर करणे योग्यच आहे. पण समान कर ही एक मागणी झाली आणि बंद दार ही दुसरी. पहिलीच्या आडून दुसरी पुढे सरकवली जाते, हे आजचे नाही. १८७२ साली शिकागोत माँटगोमेरी वॉर्डने कॅटलॉगवरून टपालाने माल विकायला सुरुवात केली, मागून सिअर्स ही तशीच कंपनी आली, आणि गावोगावचे अमेरिकी दुकानदार चवताळून उठले. सरकारी टपालाने पार्सले वाहूच नयेत म्हणून त्यांनी आणि खासगी वाहतूक कंपन्यांनी वर्षानुवर्षे जोर लावला. शेवटी १ जानेवारी १९१३ रोजी ती सेवा सुरू झालीच. तेव्हा नव्याने बाजारात कोणाचा प्रवेश झाला, हे पाहण्यासारखे आहे. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला गावच्या दुकानात गोऱ्या गिऱ्हाइकांचे आटोपेपर्यंत ताटकळावे लागे. मालक दाखवील तोच माल, तो सांगेल तो भाव, आणि उधारीची वहीही त्याच्याच हातात. कॅटलॉगला गिऱ्हाइकाचा रंग दिसत नव्हता. मग टपालाने फसवणूक झाली नाही का? भरपूर झाली. पण म्हणून कोणी टपाल बंद केले नाही. त्याच १८७२ साली टपालाद्वारे फसवणूक हा अमेरिकी केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरवला, आणि १८७५ पासून वॉर्डने स्वतःहून ‘समाधान नाही तर पैसे परत’ अशी हमी दिली. रस्ता खुला ठेवला आणि त्यावरून चालणाऱ्याला जबाबदार धरले.

आज रस्ता खुला आहे, जबाबदार कोण ते मात्र ठरलेले नाही. खरेदी बिघडते तेव्हा काय घडते ते जवळून पाहा. हेडफोन येतात, एका कानात आवाजच नाही. ग्राहक लिहितो. उत्तर येते: फोटो पाठवा. ऐकू येत नाही याचा फोटो कसा काढणार? मग व्हिडिओ. दोन दिवसांनी प्रस्ताव येतो: पंधरा टक्के परत देतो, वस्तू तुमच्याकडेच ठेवा. नको म्हटले तर गोदामाचा पत्ता येतो, दुसऱ्या खंडातला, आणि सोबत सूचना की पाठवण्याचा खर्च तुमचा आणि ट्रॅकिंग क्रमांक सक्तीचा. तो खर्च हेडफोनच्या किमतीहून जास्त. तोवर तक्रारीची मुदत संपत येते. ज्या साइटवरून खरेदी झाली तो प्लॅटफॉर्म सांगतो, विक्रेता स्वतंत्र आहे. बँक सांगते, माल पोहोचल्याची नोंद आहे. कुरिअर सांगतो, आयात शुल्क आम्ही सरकारला भरून मोकळे झालो. या साखळीत कोणीही स्पष्ट ‘नाही’ म्हणत नाही. प्रत्येक जण फक्त पुढच्याकडे बोट दाखवतो, आणि शेवटी ग्राहक थकून पंधरा टक्के घेतो. रक्कम लहान म्हणून याकडे दुर्लक्ष होते. पण एवढ्या लहान रकमेसाठी कोणी कोर्टात जाणार नाही, हे गृहीत धरूनच तर सगळी मांडणी उभी आहे.

कायदे अगदीच नाहीत असे नाही. युरोपात २००८ साली केलेला नियम आहे की विक्रेता ज्या देशात ग्राहक शोधायला येतो, तिथल्या ग्राहकाचे सक्तीचे कायदेशीर संरक्षण करारातले एखादे कलम घालून काढून घेता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत २०१५ साली भर पडली, ती अशी की ऑनलाइन ग्राहकाला इतर ग्राहकांपेक्षा कमी संरक्षण असू नये. पण हक्क कागदावर असणे आणि हजारो मैलांवरच्या, महिन्याला नाव बदलणाऱ्या विक्रेत्याकडून पैसे वसूल होणे यांत मोठे अंतर आहे. आणि ते पडले त्याला इतिहासही आहे. १९८० साली व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा मोठा करार झाला, तेव्हा घरगुती वापरासाठीची खरेदी त्यातून वगळण्यात आली. सीमेपलीकडचा सौदा व्यापारीच करणार, हे तेव्हा जवळजवळ खरे होते. आज ते राहिलेले नाही.

इथे विरोधकांचा एक चांगला मुद्दा येतो. ते म्हणतात, कायद्याची वाट न पाहता बाजाराने विश्वास स्वतःच घडवला. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटने १९९६ मध्ये खरेदीदारांना विक्रेत्याबद्दल मत नोंदवू दिले. २००४ मध्ये चीनमध्ये अलीपे या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेने, ग्राहकाने माल मिळाल्याचे सांगेपर्यंत पैसे मध्येच धरून ठेवायची पद्धत आणली. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे त्यामुळे व्यवहार करू लागली. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि ही लहान कामगिरी नव्हे. पण पाच तारे कशाला मिळतात? रंग फोटोसारखा होता, पार्सल वेळेवर आले, याला. बॅटरीच्या आत संरक्षक सर्किट आहे की नाही, हे कोणता ग्राहक पाहू शकतो? शिवाय ताऱ्यांचीही खरेदी-विक्री होते. ती इतकी बोकाळली की २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाला खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा स्वतंत्र नियम करावा लागला.

बाजाराने स्वतः विश्वास घडवल्याचे खरे उदाहरण हवे असेल तर मध्ययुगात जावे लागेल. फ्रान्समधल्या शँपेन प्रांतातल्या जत्रांना इटलीपासून फ्लँडर्सपर्यंतचे व्यापारी येत. कोणी कोणाचा ओळखीचा नाही, भाषा वेगळी, कायदा वेगळा. तरी व्यवहार उधारीवर होत, कारण जत्रेला तिचे स्वतःचे रक्षक आणि न्यायनिवाडा होता. तेराव्या शतकात तर कोणी देणे बुडवून पळाला की रक्षक त्याच्या गावाच्या अधिकाऱ्यांना लिहीत, आणि त्या गावाने वसुली करून दिली नाही तर तिथल्या सगळ्याच व्यापाऱ्यांना जत्रा बंद होई. हा निवाडा कठोर होता, निरपराधांवरही पडे, आणि आज तो जसाच्या तसा कोणी मागणार नाही. पण जागा ज्याची, उत्पन्न ज्याचे, त्याने निवाड्याची जबाबदारी घेतली म्हणून अनोळखी माणसे तिथे निर्धास्त आली. आजचा प्लॅटफॉर्म कमिशन घेतो, कोणाची वस्तू वर दिसेल ते ठरवतो, पैसे आपल्या खात्यातून फिरवतो, पुष्कळदा माल आपल्याच गोदामात ठेवतो. आणि वस्तू पेटली की म्हणतो, आम्ही फक्त मध्यस्थ.

हे शब्दशः घडलेले आहे. कॅलिफोर्नियातल्या एका बाईने ॲमेझॉनवरून लॅपटॉपची बॅटरी घेतली, ती काही महिन्यांनी फुटली, बाई गंभीर भाजली. परदेशी विक्रेता कोर्टात हजरच झाला नाही. ॲमेझॉनने मध्यस्थ असल्याचा बचाव केला. २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि सांगितले की विक्रीच्या साखळीतला तो एक प्रत्यक्ष दुवा आहे, दुकानदाराला लागू होणारी जबाबदारी त्यालाही लागू होते. मला हा निकाल योग्य वाटतो, आणि तो मिळवण्यासाठी भाजलेल्या माणसाला वर्षानुवर्षे कोर्टात झगडावे लागावे हे तितकेच अयोग्य वाटते.

यावर नेहमीचे उत्तर तयार असते: एवढी जबाबदारी लादाल तर सेवा बंद होईल, मग ग्राहकाचा काय फायदा? ही धमकी गंभीरपणे घेतली पाहिजे, कारण ती प्रत्यक्षात आणली गेली आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून स्वस्त आयातीवरही विक्रीकर लावला आणि तो गोळा करायची जबाबदारी प्लॅटफॉर्मांवर टाकली, तेव्हा ॲमेझॉनने ऑस्ट्रेलियन ग्राहकांना आपली अमेरिकी साइट बंद केली. किती काळ? त्याच वर्षी नोव्हेंबरात ती पुन्हा खुली झाली, कर गोळा करून. ब्रिटनचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या १९७४ च्या कायद्याने शंभर पाउंडांवरच्या वस्तूच्या खरेदीत क्रेडिट कार्ड देणारी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते. बँकांचे म्हणणे होते की परदेशातल्या खरेदीला हे लावू नका, जगभरच्या अनोळखी दुकानदारांची हमी आम्ही कशी घ्यायची? २००७ मध्ये, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ते नाकारले. त्यानंतर ब्रिटिश कार्डे परदेशात चालायची थांबली का? नाही. हमी देणाऱ्याने हमीचा खर्च सोसला, आणि ग्राहक परदेशी दुकानातही अधिक निश्चिंतपणे खरेदी करू लागला.

आता दुसरी बाजू, नाकारल्या जाणाऱ्या ग्राहकाची. तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. कार्ट भरली, पत्ता लिहिला, आणि अगदी शेवटच्या पानावर कळले की तुमच्या देशात ही वस्तू पाठवली जात नाही. किंवा पाठवतात, पण कार्ड तुमच्या देशातल्या बँकेचे आहे म्हणून चालत नाही. किंवा फॉर्म पिनकोड मागतो आणि तुमच्या देशात पिनकोडच नाही. आयर्लंडसारख्या संपन्न देशाला २०१५ पर्यंत राष्ट्रीय पिनकोड नव्हता, मग घरांना क्रमांकसुद्धा नसलेल्या देशांची काय कथा? युरोपीय आयोगाने २०१५ मध्ये तपासणी केली तेव्हा ६३ टक्के साइटवर शेजारच्या सदस्य देशातल्या ग्राहकाला खरेदी पूर्ण करता आली नाही. एकच बाजारपेठ म्हणवणाऱ्या संघातली ही स्थिती. तिथे डिसेंबर २०१८ पासून अशा नकाराला कायद्याने बंदी आहे. विक्रेत्याने घरपोच पाठवलेच पाहिजे असे नाही, पण विकायला नकार देता येत नाही.

वेगळ्या देशात वेगळी किंमत, यावर मात्र मी विरोधकांशी बराचसा सहमत आहे. गरीब देशात पुस्तक, औषध, सॉफ्टवेअर स्वस्त मिळावे हे न्याय्य आहे, आणि ते टिकवायचे तर श्रीमंत देशातल्या ग्राहकाला तिथून खरेदी करण्यापासून थोडे रोखावेच लागते. स्टीम या गेम विकणाऱ्या दुकानाने अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात स्थानिक चलनात कमी किमती ठेवल्या होत्या. बाहेरचे लोक खोटा देश दाखवून त्यांचा फायदा घेऊ लागले. चलनाची घसरण हेही कारण होतेच, पण परिणाम असा की नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही देशांत डॉलरमध्ये किमती आल्या आणि तिथल्या मुलांसाठी गेम एकदम महागले. ज्यांच्यासाठी सवलत होती त्यांचीच ती गेली. तेव्हा सगळीकडे एकच किंमत हवी ही मागणी मला मान्य नाही. पण कमी किंमत राखण्यासाठी घातलेली भिंत आणि जास्त किंमत उकळण्यासाठी घातलेली भिंत यांत फरक नको का करायला? २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी यांना बोलावून विचारले की जे सॉफ्टवेअर डाउनलोडच करायचे आहे, जिथे जहाजही नाही आणि गोदामही नाही, ते आमच्याकडे इतके महाग का? समाधानकारक उत्तर मिळाले नाही. भिंत घालणाऱ्याने कारण जाहीर करावे, एवढी मागणी तरी कोणाला जड वाटू नये.

छोट्या विक्रेत्याचा मुद्दा मला सर्वांत जास्त सतावतो. युरोपीय संघाचा नवा उत्पादन सुरक्षा नियम १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. बाहेरच्या विक्रेत्यालाही संघात एक जबाबदार प्रतिनिधी नेमणे त्याने बंधनकारक केले. हेतू चांगला, किंबहुना मी जे मागतो आहे तेच. पण ब्रिटनमधल्या आणि इतर देशांतल्या कितीतरी एकट्या कारागिरांनी खर्च परवडत नाही म्हणून युरोपला माल पाठवणेच थांबवले, आणि लाखो वस्तू विकणाऱ्यांनी मात्र एक प्रतिनिधी नेमून काम भागवले. चोर सोडून संन्याशाला फाशी. याचा अर्थ नियम काढून टाकावा असा नाही. लोकरीची टोपी आणि लिथियमची बॅटरी यांना एकच माप लावू नये, आणि जिथे विक्रेता प्लॅटफॉर्मवरून विकतो तिथे हा प्रतिनिधी प्लॅटफॉर्मनेच पुरवावा. कमिशन प्रत्येक विक्रीवर घेतले जाते, त्यातूनच हा खर्च भागला पाहिजे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये, कारण याहून अवघड काम आधीच झालेले आहे. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघात १५० युरोंपर्यंतच्या आयातीवरचा मूल्यवर्धित कर प्लॅटफॉर्म गोळा करतो, आणि त्यासाठी कायदा प्लॅटफॉर्मलाच विक्रेता मानतो. लाखो विक्रेते, सत्तावीस देशांचे वेगवेगळे दर, तरीही पै-पैचा हिशेब लागतो. म्हणजे सरकारचे पैसे वसूल करायचे असतात तेव्हा प्लॅटफॉर्म विक्रेता ठरतो, आणि ग्राहकाचे पैसे परत करायचे असतात तेव्हा तोच मध्यस्थ ठरतो. एकाच व्यवहारात, एकाच पावतीवर, हे दोन अर्थ कसे मान्य करायचे? मला तरी याचे समर्थन कुठे सापडलेले नाही.

ग्राहकाची सोय मात्र या काळात आक्रसली आहे. सीमेपलीकडच्या तक्रारींसाठी युरोपीय संघाने २०१६ मध्ये ऑनलाइन तंटा निवारणाचे व्यासपीठ सुरू केले होते. विक्रेत्याने त्यात भाग घेणे ऐच्छिक होते, त्यामुळे बहुतेकांनी घेतला नाही, आणि मग वापर कमी आहे म्हणून २० जुलै २०२५ रोजी ते बंद झाले. भाग घेणे सक्तीचे करून पाहायला हवे होते. उत्पादन दायित्वाचा नवा युरोपीय कायदा ९ डिसेंबर २०२६ पासून लागू व्हायचा आहे आणि काही अटींवर तो प्लॅटफॉर्मलाही भरपाईसाठी जबाबदार धरतो. हे पाऊल मोठे आहे. पण तो कायदा इजा आणि नुकसानीपुरता आहे. बॅटरीने घर जळले तर भरपाई मागता येईल. ती बॅटरी पहिल्या दिवसापासून चाललीच नाही, तर ग्राहकाने आजही दुसऱ्या खंडातल्या गोदामाचा पत्ता लिहून, पदरचे टपाल भरून वाट पाहायची आहे. पुढचा कायदा या साध्या, रोजच्या नुकसानीसाठी हवा: ज्याच्या खात्यात पैसे गेले त्यानेच ग्राहकाच्या देशात वस्तू परत घ्यावी आणि ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम परत करावी, मग विक्रेत्याकडून ती कशी वसूल करायची ते त्याने पाहावे.